जमिनीच्या सर्च रिपोर्टचा साचा: ‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’

शेतीसाठी, यंत्रमागाच्या शेडसाठी किंवा फ्लॅटसाठी मिळकत तारण ठेवून कर्ज घ्यायचे असले की बँक आपल्या पॅनेलवरील वकिलांकडून त्या मिळकतीचा शोध अहवाल मागवते. बोलण्यात त्याला सगळे ‘सर्च रिपोर्ट’च म्हणतात. मिळकत कोणाची आहे, ती त्यांच्याकडे कशी आली, तिच्यावर कोणाचा बोजा (कर्ज किंवा गहाण यांचा भार) आहे का, तिच्याबद्दल दावा चालू आहे का आणि ती गहाण घेणे बँकेला सुरक्षित आहे का, या प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. अहवाल थोड्या पानांचा असला तरी त्यामागे सातबारा, आठ-अ, फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी), सिटी सर्व्हेचा उतारा, दुय्यम निबंधक कार्यालयातील इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची), खरेदीखते, वाटणीपत्रे आणि हक्कसोडपत्रे असा मोठा गठ्ठा असतो. असा अहवाल संगणकाकडून बराचसा आपोआप तयार करून घ्यायचा असेल तर त्याचा साचा कसा बांधावा, हे या लेखात सांगायचे आहे. त्यातही माहिती हाती नसेल तेथे साच्याने काय करावे, या एका प्रश्नावर माझा विशेष भर आहे, कारण साच्याची खरी परीक्षा तेथेच होते असे मला वाटते.

आज अनेक कार्यालयांत नवा अहवाल जुन्या अहवालातून तयार होतो. त्याच बँकेची मागची फाइल उघडायची, ती नव्या नावाने जतन करायची आणि नाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा बदलत खाली जायचे. या पद्धतीत वेळ वाचतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु बदललेली गोष्ट डोळ्यांना दिसते आणि बदलायची राहून गेलेली दिसत नाही. चौथ्या पानावर बार्शी तालुक्यातील जुन्या गावाचे नाव तसेच राहिले, तर बँकेतील अधिकारी ते पकडतात, अहवाल परत येतो आणि दुरुस्तीवर भागते. मात्र जुन्या फाइलमधील ‘सदर मिळकतीवर कोणताही बोजा आढळून आला नाही’ हे वाक्य राहून गेले, तर ते कोणालाच खटकत नाही, कारण ते नव्या मिळकतीच्या अहवालातही तितकेच चपखल बसते. ते वाक्य शोध घेऊन लिहिले गेले की आधीपासूनच तेथे होते, हे कागदाकडे पाहून सांगता येत नाही.

संगणकीय साच्यात मजकुराचे चार प्रकार वेगळे केलेले असतात. पहिला प्रकार न बदलणाऱ्या मजकुराचा. दुसरा भरायच्या जागांचा. तेथे गावाचे नाव, गट नंबर, दस्त क्रमांक अशी माहिती बाहेरून येऊन बसते. तिसरा अटींचा; एखादी गोष्ट खरी असेल तरच तो परिच्छेद छापला जातो, नसेल तर गळतो किंवा त्याच्या जागी दुसरा येतो. चौथा पुनरावृत्तीचा, फेरफार तीन असले तर तक्त्यात तीन ओळी आणि तेवीस असले तर तेवीस ओळी उमटतात. सोलापुरी चादर ज्यांनी जेकार्ड मागावर विणली जाताना पाहिली असेल, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही: माग तोच राहतो, आणि कोणता ताणा कोणत्या क्षणी वर उचलायचा हे छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे ठरवतात. साच्यातील अटी हे त्या कार्डांचे काम करतात, आणि म्हणूनच अटी कोणी व कशा विचाराने लिहिल्या याला महत्त्व आहे.

साचा बांधताना पहिला हात वर्डच्या फाइलला लावू नये. आधी माहितीची यादी करावी: अहवालात कोणकोणत्या गोष्टी येतात आणि त्यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणत्या कागदावरून घेतली जाते. गट नंबर अहवालात दहा ठिकाणी येत असला तरी तो एकदाच भरला गेला पाहिजे आणि बाकीच्या सर्व ठिकाणी तेथूनच जाऊन बसला पाहिजे. ज्या गोष्टी हिशेबाने निघतात त्या हाताने भरूच नयेत. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र १ हेक्टर २० आर आणि पोटखराबा ५ आर असेल, तर एकूण क्षेत्र १ हेक्टर २५ आर हे संगणकाने काढावे, उताऱ्यावरील एकूण आकड्याशी ताडून पाहावे आणि जुळले नाही तर अहवाल अडवून धरावा. क्षेत्रासाठी एकच दशांशाचा रकाना ठेवणे धोक्याचे आहे. ८ आर लिहिताना कोणी ०.०८ ऐवजी ०.८ लिहिले, की ८०० चौरस मीटरचा तुकडा ८,००० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास दोन एकरांचा होतो. हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांचे तीन वेगळे रकाने ठेवले तर ही चूक होण्याची शक्यता फार कमी होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बोज्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे दोनच पर्याय देऊन विचारले, तर तो साचा पहिल्या दिवसापासून सदोष आहे. वस्तुस्थिती निदान तीन प्रकारची असते: बोजा आहे; शोध घेतला आणि बोजा आढळला नाही; शोध घेतलेला नाही किंवा घेता आला नाही. तिसऱ्या स्थितीला जागा नसली की ती दुसऱ्या स्थितीचे रूप घेते. नोंद भरणाऱ्या कारकुनाने रकाना कोरा सोडला आणि साच्यात ‘कोरे असल्यास बोजा नाही असे छापावे’ अशी अट असली, तर न केलेला शोध केला म्हणून वकिलांच्या सहीने बँकेत जातो. वर्डमधील मेल मर्ज (यादीतील माहिती साच्यातील जागांत भरणारी सोय) आणि इतर अनेक साधने कोऱ्या रकान्याच्या जागी मुकाट्याने काहीच छापत नाहीत, आणि आजूबाजूचे वाक्य तर अर्थपूर्णच राहते. त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाला ‘तपासलेले नाही’ हे तिसरे उत्तर द्यावे आणि नव्या फाइलमध्ये तेच आधीपासून निवडलेले असावे. ते बदलायचे असेल तर कोणता कागद पाहिला, त्याचा क्रमांक काय आणि तो कोणत्या तारखेचा, हे भरल्याशिवाय साच्याने पुढे जाऊ देऊ नये. ‘तपासलेले नाही’ हे उत्तर शेवटपर्यंत राहिले तर अहवालात तसे स्पष्ट वाक्य छापले जावे: ‘सन अमुक ते अमुक या कालावधीतील नोंदी उपलब्ध न झाल्याने त्या कालावधीचा शोध घेता आलेला नाही.’ असे वाक्य असलेला अहवाल बँकेला कमी आवडेल, परंतु त्या अहवालावर विसंबून निर्णय घेणाऱ्याला तो खरी स्थिती सांगतो.

बोजा शोधण्याच्या जागाही अनेक आहेत. सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसू शकतो, नोंदणीकृत गहाणखत इंडेक्स टूमध्ये सापडते आणि नुसते मूळ दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण केंद्रीय पातळीवरील सरसाई (CERSAI) या तारणांच्या नोंदणीत पाहावे लागते. म्हणून ‘बोजा’ हा एक रकाना न ठेवता प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र रकाना आणि प्रत्येकाला तीच तीन उत्तरे ठेवावीत. यांपैकी एक जरी ‘तपासलेले नाही’ असेल तरी ‘मिळकत बोजारहित आहे’ हे वाक्य छापण्याची वाटच साच्यात असू नये.

शोध सहसा ३० वर्षांचा घेतला जातो. त्याचा संबंध मुदतीच्या कायद्याशी जोडला जातो: मर्यादा अधिनियम, १९६३ नुसार गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला ३० वर्षांची मुदत आहे. साच्यात या ३० वर्षांची सुरुवात हाताने लिहू नये. अहवालाच्या तारखेवरून ती मोजली जावी आणि प्रत्येक वर्षासाठी तक्त्यात एक ओळ यावी. ओळ कोरी राहिली तर वर्ष सुटले आहे हे लगेच दिसते. मालकीच्या साखळीसाठीही असाच तक्ता हवा. प्रत्येक हस्तांतरणाच्या ओळीत फेरफार क्रमांक, दस्ताचा प्रकार, दस्त क्रमांक व तारीख, देणारा, घेणारा आणि फेरफार प्रमाणित झाल्याची तारीख असावी. मग संगणकाला साधी तुलना करायला सांगता येते: एका ओळीतील घेणारा पुढच्या ओळीतील देणारा आहे का? नसेल तर साखळीत कडी तुटली आहे आणि वारसनोंद, वाटणी किंवा मृत्युपत्र यांपैकी काहीतरी मध्ये राहिले आहे. ही तपासणी माणूसही करतोच, पण जेथे चार पिढ्या आणि वीस-बावीस फेरफार आहेत तेथे थकलेल्या डोळ्यांपेक्षा यंत्राचा येथे अधिक उपयोग होतो.

या तुलनेत सोलापूरची एक स्वतंत्र अडचण आहे. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात आणि एकाच माणसाचे नाव फेरफारात एका तऱ्हेने, खरेदीखतात दुसऱ्या तऱ्हेने आणि आधार कार्डावर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. मल्लिकार्जुन कोठे मलिकार्जुन होतो, आणि काही ठिकाणी आडनावाच्या जागी वडिलांचे नाव येते. साच्याने ही नावे स्वतःहून एकसारखी करू नयेत. दस्तात जसे आहे तसे नाव एका रकान्यात आणि ही व्यक्ती तीच असल्याचा आधार दुसऱ्या रकान्यात घ्यावा. आधार नसेल तर प्रतिज्ञापत्र मागण्याची सूचना अहवालाच्या शेवटच्या कागदपत्र-यादीत आपोआप उमटावी. नाव जुळवणे हा पुराव्याचा प्रश्न आहे; तो यंत्राने नीटनेटकेपणाच्या नावाखाली सोडवून टाकला तर साखळीतील खरी फट झाकली जाईल.

अटी लिहिणे हा सर्वांत कायदेशीर भाग आहे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल तर हस्तांतरणावर निर्बंध असतात, तेव्हा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी पाहिली का हा प्रश्न साच्याने विचारलाच पाहिजे. नावाजवळ ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असेल तर अज्ञानाची, म्हणजे अल्पवयीन व्यक्तीची, मिळकत त्याच्या पालकाने हाताळली आहे का हे पाहावे लागते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत विकण्यापूर्वी किंवा गहाण ठेवण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर तो व्यवहार अज्ञानाच्या मागणीवरून रद्द होऊ शकतो आणि त्यासाठी त्याला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ही मुदत कधी संपते हे जन्मतारखेवरून संगणक अचूक काढू शकतो. मात्र एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील अज्ञानाच्या अविभक्त हिश्शाला हे कलम लागू होत नाही, आणि ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) अशी नोंद असेल तर प्रश्नांचा मार्गच बदलतो. म्हणून साच्याने आधी ‘मिळकत अज्ञानाची स्वतंत्र आहे की एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा आहे?’ असे विचारावे, आणि त्याचे उत्तर वकिलांनीच द्यावे.

अटी कशा जुन्या होतात याचे सर्वांत बोलके उदाहरण मुलींच्या हक्काचे आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील हिस्सेदार, ठरली. पुढे २०१५ मध्ये ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक मानले. त्या काळात बांधलेल्या साच्यात साहजिकच ‘वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात होते काय?’ अशी अट असेल आणि उत्तर ‘नाही’ आले तर मुलींच्या हक्काचा परिच्छेद गळत असेल. २०२० मध्ये ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या निकालाने हे मत बाजूला सारले: हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित राहतात. जुना साचा या निकालानंतरही तितक्याच सफाईने चालत राहतो. तो त्रुटी दाखवत नाही, थांबत नाही. बहिणींच्या हक्कसोडपत्राची मागणी करणारा परिच्छेद फक्त छापला जात नाही. म्हणून प्रत्येक अटीशेजारी ती कोणत्या कलमावर किंवा निकालावर आधारलेली आहे, कोणत्या तारखेला कोणी तपासली आणि पुन्हा कधी तपासायची, ही टीप असलीच पाहिजे. ही टीप अहवालात छापायची नसते, पण तिच्याशिवाय पाच वर्षांनी कोणालाच त्या अटीचे कारण सांगता येणार नाही.

बदलू शकणारी माहिती वाक्यांत विरघळवू नये, याला अलीकडचे एक स्थानिक उदाहरणही आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात आला. त्यामुळे प्रलंबित दाव्यांच्या परिच्छेदात मुंबई येथील मुख्य पीठाचा उल्लेख ज्यांनी प्रत्येक साच्यात टंकित करून ठेवला होता, त्यांना तो साच्यागणिक शोधून बदलावा लागतो. न्यायालयांची, निबंधक कार्यालयांची आणि अधिकाऱ्यांच्या पदनामांची नावे एका स्वतंत्र यादीत ठेवली तर हा बदल एकाच ठिकाणी करून भागतो.

मराठीत साचा करताना भाषेकडेही पाहावे लागते. भरलेल्या नावाला विभक्तीचा प्रत्यय थेट जोडता येत नाही, कारण सामान्यरूप प्रत्येक नावाला वेगळे होते. परंतु आपल्या वकिली लेखनातील ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचे’ ही सवय येथे फार उपयोगी पडते, कारण त्यामुळे नाव मूळ रूपात राहते आणि स्त्री-पुरुष, एक-अनेक हे प्रश्नही बव्हंशी मिटतात. गावांच्या नावांसाठी ‘मौजे अमुक येथील’ ही रचना तेच काम करते. अक्षरी रकमेसाठी मात्र तयार इंग्रजी साधन चालत नाही, कारण मराठीत नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे नियमाने बनत नाहीत. त्यांचा पूर्ण तक्ता देऊन त्यावर शंभर, हजार, लाख, कोटी यांची रचना उभी करावी लागते.

त्याहून मोठी अडचण फॉन्टची आहे. अनेक कार्यालयांतील जुने अहवाल युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, त्यामुळे शोधणे, तुलना करणे आणि क्रम लावणे यांपैकी काहीच भरवशाने होत नाही. साच्यात टाकण्यापूर्वी असा सर्व मजकूर युनिकोडमध्ये बदलून डोळ्यांखालून घालावा. युनिकोडमध्येही ‘ऱ्या’सारखे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टंकित होऊ शकते, दोन्ही सारखीच दिसतात आणि संगणकाला मात्र वेगळी वाटतात. साखळीतील नावांची तुलना करण्यापूर्वी असा मजकूर एका रूपात आणणे हे तांत्रिक काम आहे आणि ते यंत्राने करायला हरकत नाही, कारण त्यात नाव बदलत नाही.

साधनांविषयी थोडक्यात. एका मिळकतीला एक मालक आणि एक दस्त असेल तर वर्डचे मेल मर्ज पुरते, पण वाढत्या-घटत्या ओळींचे तक्ते त्यात नीट जमत नाहीत. पायथॉन भाषा जाणणारा कोणी हाताशी असेल तर वर्डच्या फाइलमध्येच दुहेरी महिरपी कंसांत जागा आणि अटी लिहून त्या भरणारी मोफत साधने मिळतात. ‘डॉकअसेंबल’ हे मुक्तस्रोत साधन तर प्रश्न विचारत विचारत माहिती घेते आणि शेवटी दस्तऐवज देते. आधीच्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठरत असल्याने सर्च रिपोर्टसारख्या कामाला ते मला सर्वांत योग्य वाटते. वर्डमध्ये साचा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कंसातील नाव मध्येच ठळक केले किंवा तुकड्यातुकड्याने दुरुस्त केले, तर वर्ड आतून त्याचे अनेक तुकडे करून ठेवते आणि साधनाला ती जागा ओळखू येत नाही. असे झाले की ते पूर्ण नाव पुसून एका दमात पुन्हा टंकित करावे.

हल्ली आज्ञा दिली की सबंध अहवाल लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही वापरली जातात. जुना फेरफार वाचून त्यातील माहिती रकान्यांत सुचवण्यासाठी त्यांची मदत घेता येईल, पण ती माहिती मूळ कागदाशी माणसाने ताडून पाहिलीच पाहिजे. अहवालाचा मजकूर मात्र साच्यातूनच यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच माहितीवर साचा प्रत्येक वेळी तोच अहवाल देतो, आणि एखादे वाक्य का आले याचे उत्तर अटीकडे बोट दाखवून देता येते.

शेवटचा अभिप्राय, म्हणजे हक्क ‘निर्वेध व विक्रीयोग्य’ आहे की नाही, साच्याने लिहू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ती गृहीतके देते, मालकी देत नाही. नोंदी आणि दस्त एकत्र वाचून निष्कर्ष काढणे हे वकिलांचे काम आहे. साच्याने अभिप्रायाची जागा रिकामी ठेवावी, तिच्या वर सर्व ‘तपासलेले नाही’ उत्तरांची आणि तुटलेल्या कड्यांची यादी समोर आणावी आणि वकिलांनी स्वतः मजकूर लिहिल्याशिवाय अंतिम प्रत निघू देऊ नये.

साचा वापरात आणण्यापूर्वी पूर्ण झालेल्या जुन्या फायली त्यातून काढून पाहाव्यात. सरळ फायलींनी फारसे काही कळत नाही; मुद्दाम अवघड प्रकरणे निवडावीत, जसे की मृत मालकाच्या मुली फेरफारात आल्या नाहीत, दोन गटांचे एकत्रीकरण झाले आहे, बोजा फिटला पण नोंद कमी झालेली नाही, निबंधक कार्यालयातील जुने पुस्तक जीर्ण झाल्याने काही वर्षे पाहता आली नाहीत. प्रत्येक रकाना एकेकदा कोरा ठेवूनही पाहावे आणि अहवाल अडतो की पुढे सरकतो हे नोंदवावे. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर सही झालेल्या प्रत्येक अहवालासोबत त्या दिवशी भरलेली माहिती आणि त्या दिवशीच्या साच्याची प्रत जपून ठेवावी. कर्ज थकले आणि काही वर्षांनी तो अहवाल न्यायालयात पुढे आला, तर वकिलांनी तेव्हा काय पाहिले होते आणि काय पाहता आले नव्हते, हे त्या तीन गोष्टी एकत्र ठेवूनच दाखवता येईल.